कुत्र्याची साक्ष

वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजाचा रथ एका संध्याकाळी राजवाड्याच्या अंगणात उघड्यावरच राहिला. रात्री पाऊस झाला, रथाचं कातडी सामान भिजून मऊ पडलं आणि सकाळी पाहतात तो पट्टे, वाद्या सगळं कुरतडून फस्त झालेलं. गटाराच्या तोंडातून कुत्री आत शिरली आणि त्यांनीच खाल्लं, असं सेवकांनी सांगितलं. राजाने दिसेल ते कुत्रं मारायचा हुकूम काढला. सूट फक्त राजवाड्यात पाळलेल्या कुत्र्यांना. स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा म्होरक्या, म्हणजे कथेतला बोधिसत्त्व, यावर विचार करतो. राजवाड्याला पहारा आहे, बाहेरच्या कुत्र्याला आत शिरणं शक्य नाही. तेव्हा हे काम आतल्यांचं. तो थेट राजासमोर जातो आणि विचारतो, की कातडं कोणी खाल्लं हे तुम्हाला ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर शिक्षा कशाच्या आधारावर? मग तो ताक आणि दर्भ मागवतो आणि दर्भ ताकात कालवून राजवाड्यातल्या कुत्र्यांना पाजायला लावतो. कुत्री ओकतात आणि ओकारीतून कातड्याचे तुकडे बाहेर पडतात. पाली जातकसंग्रहातली ही २२वी कथा, कुक्कुर जातक.

मुलांच्या रहस्यकथेतला प्राणी-गुप्तहेर ही इंग्रजी पुस्तकांतून आलेली गंमत आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. कुक्कुर जातक वाचल्यावर तो टिकत नाही. गुन्हा आहे, बंदिस्त जागा आहे, घाईने धरलेला चुकीचा संशयित आहे, त्या संशयातून ओढवणारा अन्याय आहे, तर्क आहे आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत होणारी सिद्धता आहे. आर्थर कॉनन डॉयलच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या १८९२ सालच्या कथेत रात्री कुत्रा भुंकला नाही, यावरून शेरलॉक होम्स चोर ओळखीचा होता असं ताडतो. बाहेरचा नव्हे, आतला, हा निष्कर्ष जातकातल्या कुत्र्याने कितीतरी आधी काढला होता. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दर्भाची युक्ती. पोट बिघडलं की कुत्रं गवत खातं आणि ओकतं, हे खेड्यातल्या कुठल्याही मुलाने पाहिलेलं असतं. म्हणजे पुरावा बाहेर काढण्याची पद्धत कुत्र्याच्याच जगण्यातून आली आहे. तिथे माणूस-गुप्तहेर उभा केला असता तर त्याला ती सुचली नसती. प्राणी-गुप्तहेराची सारी ताकद इथे आहे, असं माझं म्हणणं आहे. त्या प्राण्याला जे कळतं आणि माणसाला कळत नाही, त्यावर उकल उभी राहिली पाहिजे. तसं नसेल तर शेपूट केवळ सजावटीपुरतं उरतं.

जातकांत अशी आणखीही सोय सापडते. नळपान जातकात, म्हणजे २०व्या कथेत, वानरांचा कळप तहानलेला असूनही पाण्याला तोंड लावत नाही; म्होरक्या येईपर्यंत थांबतो. म्होरक्या तळ्याभोवती फिरून माग पाहतो. पाण्याकडे उतरणारी पावलं आहेत, वर येणारं एकही नाही. आत राक्षस आहे हे त्याला कळतं आणि वानरं काठावर बसूनच पोकळ नळांनी पाणी पितात. पंचतंत्रातल्या बोलक्या गुहेच्या गोष्टीतला कोल्हाही आत गेलेली आणि बाहेर न आलेली सिंहाची पावलं पाहून सावध होतो. दुर्गा भागवतांनी ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने जातकांचा मोठा अनुवाद मराठीत आणला, तेव्हा ही सामग्री मराठी वाचकाच्या हाताशी कधीचीच आहे. ती बोधकथा म्हणून वाचली गेली, आणि बोधाकडे लक्ष लागलं की मधला तपास नजरेतून निसटतो.

पाश्चात्त्य बालसाहित्यात या प्रकाराला विसाव्या शतकात वेगळं घर मिळालं. वॉल्टर ब्रूक्सचा फ्रेडी हा डुक्कर १९३२ साली गुप्तहेर झाला. ईव्ह टायटसने १९५८ साली बेकर स्ट्रीटवर होम्सच्याच घराच्या तळघरात राहणारा बेझिल नावाचा उंदीर उभा केला. १९७९ सालच्या ‘बनिक्युला’त घरातला कुत्रा कथा सांगतो आणि रात्रीतून रस शोषून पांढऱ्या पडणाऱ्या भाज्यांबद्दल घरातली मांजर नव्या सशावर संशय घेते. यातला बेझिल सर्वांत लोकप्रिय असला तरी मला तो कच्चा वाटतो. तो छोट्या आकाराचा होम्स आहे. त्याचं उंदीरपण फार थोड्या ठिकाणी कामाला येतं. मराठीकडे वळलं तर मुलांची रहस्यकथा आपल्याकडे धडधाकट आहे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने, फुरसुंगीच्या त्या बनेशने, पिढ्या धावत्या ठेवल्या. भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला २०२४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. बोलणारे प्राणी तर मराठी बालसाहित्यात जागोजागी आहेत. मात्र फास्टर फेणेच्या तोडीचा, मुलं ज्याचं नाव घेऊन पुढच्या भागाची वाट पाहतील असा प्राणी-गुप्तहेर मराठीत उभा राहिलेला नाही. गुप्तहेर एका कपाटात आणि प्राणी दुसऱ्या कपाटात, असं काहीसं झालं आहे.

ही उणीव भरून काढायची तर लंडनचं तळघर कशाला, नगर जिल्हा पुरेसा आहे. आता अधिकृत नावाने अहिल्यानगर असलेला हा जिल्हा १७ हजार चौरस किलोमीटरांहून थोडा मोठा, क्षेत्रफळात राज्यात पहिला. पश्चिमेला अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, मध्ये प्रवरेच्या पाण्यावर वाढलेला ऊस, दक्षिणेला कर्जत-श्रीगोंद्याची माळरानं आणि रेहेकुरीचे काळवीट. अकोल्याच्या आसपासच्या शेतांमध्ये विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपोआप छायाचित्रं टिपणारे कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात अशा त्या पट्ट्यात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तेवढेच तरस निघाले. हे अभयारण्य नाही. ऊस, मका, वस्त्या, विहिरी आणि रस्ते आहेत. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची रचना वेगळी असते, त्यावरून एकेक जनावर ओळखता आलं. रात्री घराच्या मागून कोण गेलं हे गावाला ठाऊक नव्हतं आणि ते ठिपक्यांवरून सिद्ध झालं, यात रहस्यकथेचं अर्धं काम झालेलंच आहे.

उरलेलं अर्धं संशयिताचं. गोठ्यातून शेळी गेली की या भागात पहिलं नाव बिबट्याचं निघतं, दुसरं तरसाचं, माळाकडे गेलं तर लांडग्याचं. पण माग पाहणाऱ्याला यांतला फरक दिसतो. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. कुत्रा, लांडगा आणि तरस यांच्या ठशात उमटतात. तरसाचे पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे असतात. तरस हाडंही फोडून खातो, म्हणून त्याची विष्ठा वाळली की पांढरी पडते. बिबट्याच्या विष्ठेत खाल्लेल्या जनावराचे केस न पचता शिल्लक राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते कोणाचे हे ओळखता येतं. अकोल्याच्या अशाच अभ्यासात निघालेले आकडे बालकथाकाराने पाठ करावेत असे आहेत: बिबट्यांच्या खाण्यात वजनाने ८७ टक्के वाटा माणसाळलेल्या जनावरांचा, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्यांचा वाटा ११ टक्के. शेळीच्या चोरीबद्दल गाव ओरडतं; कुत्रं नाहीसं झालं तर कुणी पंचनामा करत नाही. म्हणून या जिल्ह्यातल्या गुप्तहेराची जागा वस्तीवरच्या कुत्र्याची आहे. गुन्ह्याचा मुख्य बळी तोच आहे, त्याचं नाक माणसाच्या कितीतरी पट तीक्ष्ण आहे, आणि शेळी नाहीशी झाली की ‘राखण कसली करतो’ म्हणून पहिला दगड त्यालाच बसतो. कुक्कुर जातकातल्या म्होरक्याला जे कारण होतं, ते त्यालाही आहे.

यावर पहिला गंभीर आक्षेप विज्ञानाचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. टोरांटो विद्यापीठातल्या पॅट्रिशिया गानिया आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली लहान मुलांवर केलेला प्रयोग असा, की ज्या पुस्तकांत प्राणी माणसासारखे बोलतात-वागतात ती ऐकलेल्या मुलांना त्या प्राण्यांबद्दलची खरी माहिती कमी लक्षात राहिली आणि प्राण्यांना माणसाच्या भावना-विचार चिकटवण्याकडे त्यांचा कल वाढला. २०१८ साली त्याच विद्यापीठातून आलेल्या दुसऱ्या प्रयोगात, वाटून घेण्याची गोष्ट माणसांच्या पात्रांतून ऐकलेली चार ते सहा वर्षांची मुलं नंतर अधिक वाटून घेताना दिसली. तीच गोष्ट माणसासारख्या रॅकूनची केली तर तसा परिणाम झाला नाही. म्हणजे बोलक्या प्राण्यांमुळे मुलं निसर्गही शिकतात आणि सद्गुणही शिकतात, ही आपली जुनी खात्री डळमळीत आहे. पण हे प्रयोग कशावर बोट ठेवतात ते पाहिलं पाहिजे. शर्ट घातलेला, घरात राहणारा, माणसाची कामं करणारा प्राणी त्यांत होता. त्याच्या जागी जो प्राणी आपल्या इंद्रियांच्या मर्यादेत राहूनच शोध घेतो तो आला, तर गोष्टीची प्रत्येक पायरी त्या प्राण्याबद्दलची एकेक खरी गोष्ट मागते. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा आणि पिवळा त्याला कळतो, लाल आणि हिरव्यात तो गोंधळतो. हिरव्या गवतावर सांडलेला रक्ताचा लाल थेंब आपल्या गुप्तहेराला रंगाने दिसणार नाही, वासाने मात्र कालचा थेंबही सापडेल. हा नियम लेखकाने मोडला तर रहस्यच फसतं. बेझिलबद्दलची माझी तक्रार या प्रयोगांनी बळकट होते. कुक्कुर जातकाला त्यांनी धक्का लागत नाही. सद्गुणांच्या बाबतीत मी आक्षेप मान्यच करते. चांगलं वागायला शिकवण्यासाठी रहस्यकथा लिहू नये. पुरावा तपासायची सवय ही तिची देणगी पुरेशी मोठी आहे.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि तो आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात, १९६९ साली फार नेमका मांडला. पोलिसांच्या माग काढणाऱ्या कुत्र्याने आरोपी दाखवला, तर त्या पुराव्याला किती वजन द्यायचं? न्यायालयासमोर तीन हरकती होत्या. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून बोलू शकत नाही, त्याच्या वतीने त्याला सांभाळणारा सांगतो, म्हणजे ती ऐकीव साक्ष झाली. माणसाचा जीव आणि स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगता येत नाही. आणि कुत्र्याचं कसब पाहून दिपून जाऊन निवाडा करणारे त्याला हवं त्याहून जास्त महत्त्व देण्याचा धोका असतो. अशा पुराव्याला फारसं वजन देता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. मला हा निकाल प्राणी-गुप्तहेराच्या विरोधातला वाटत नाही. तो त्याच्या कथेची रचना कशी असावी ते सांगणारा उत्तम धडा वाटतो. गोष्टीत कुत्रा बोलू शकतो, म्हणून पहिली हरकत उरत नाही, पण दुसरी आणि तिसरी उरतातच. कुत्र्याने ‘मला वास आला’ म्हणून भागत नाही. वास त्याला दिशा देईल. शेवटी समोर ठेवायचं ते असं काही हवं, की जे नाक नसलेल्यालाही दिसेल. जातकातला कुत्रा राजाला माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणत नाही, ओकारी दाखवतो. नगरच्या वस्तीवरचा कुत्रा नखं उमटलेला ठसा दाखवेल, पांढरी विष्ठा दाखवेल, केस दाखवेल. माणसाला कळणार नाही ते त्याला आधी कळतं आणि मग ते माणसाला कळेल अशा रूपात आणून ठेवावं लागतं. कथेतला सगळा ताण या दोहोंमधल्या अंतरात आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जड. संगमनेर, राहुरी, कोपरगाव, पारनेर भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं मेली आहेत, त्यांत लहान मुलंही आहेत. ज्या वस्तीवर असं झालं तिथे बिबट्या-तरसांच्या गोष्टी मुलांना सांगणं क्रूर नाही का? बिबट्याला गोजिरवाणा मित्र करून रंगवणारी गोष्ट क्रूर ठरेल, खोटी तर ठरेलच. म्हणूनच गुप्तहेर बिबट्या असू नये, आणि गोष्टीत त्याची भीती शिल्लक असावी. पण भीतीच्या जोडीला ज्ञान हवं. अकोल्याच्या डोंगराकडच्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांवर दिवाळीच्या तोंडावर वाघबारस होते, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. ती माणसं जनावराला भिऊन आणि ओळखून, दोन्ही धरून राहत आली आहेत. अंधारात एकट्याने बाहेर जाऊ नये, वाकून बसलेलं मूल बिबट्याला छोटं जनावर वाटू शकतं, उसाच्या कडेला दंगा करत जावं, हे सगळं सरकारी पत्रकापेक्षा रहस्यकथेत जास्त नीट बसेल, कारण तिथे ते पात्राच्या जिवाशी बांधलेलं असतं. ज्या मुलाला कोणता ठसा कोणाचा हे कळतं, ते मूल खरा धोकाही लवकर ओळखतं.

संशय आणि माग यांतला फरक पाहायचा तर पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरची घटना आहे. २००९ साली तिथल्या विहिरीत पडलेला एक पोक्त बिबट्या बाहेर काढला गेला, त्याच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारा पट्टा बसवला गेला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. संशोधकांनी त्याला आजोबा म्हटलं. पकडून दूर सोडलं की बिबट्या तिथेच राहतो, हा सोयीचा समज. आजोबा तिथे राहिला नाही. तो चालत सुटला, कसाऱ्याजवळ रेल्वेमार्ग आणि मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडले, आणि सुमारे १२० किलोमीटरांची वाट तोडून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला पोहोचला. वाटेत माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. पुढे पट्टा बंद पडला. डिसेंबर २०११मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मेला; अंगात बसवलेल्या चिपमुळे तो आजोबाच असल्याचं कळलं. २०१४ साली सुजय डहाके यांनी यावर ‘आजोबा’ हा चित्रपट केला, पण तो मोठ्यांसाठीचा आणि बिबट्याचा माग घेणाऱ्या संशोधक बाईंचा. मुलांसाठी त्याच वाटेची गोष्ट वेगळी होऊ शकते. गावोगावच्या कुत्र्यांना रात्री एक अनोळखी वास येतो, कुणाची शेळी जात नाही, कुणी मरत नाही, आणि तरी तो वास रोज पश्चिमेला सरकत जातो. हा कोण आणि कुठे चाललाय, हे एका वस्तीचं कुत्रं दुसऱ्या वस्तीच्या कुत्र्याला भुंकून विचारतं. गुन्हाच नसलेली रहस्यकथा, आणि तरी उत्कंठा तसूभर कमी नाही.

याहूनही योग्य जागा उसाच्या फडात आहे. ऊसतोडणीच्या हंगामात कोयत्याखाली फड मोकळा होत जातो आणि मध्येच बिबट्याची बछडी सापडतात. मादी उसालाच रान समजून तिथे विलेली असते. आई मेली असेल किंवा सोडून गेली असेल, हा तर्क तिथल्या तिथे निघतो. वनखात्याची माणसं बछडी पेटीत घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि बहुतेक वेळा रात्रीतून आई येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. फडाच्या कडेला कोप्यांमध्ये तोडणी कामगारांची कुटुंबं राहतात. त्यांतली कितीतरी याच जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावची आणि शेजारच्या बीडची. आईबाप पहाटे फडात गेले की मुलं आणि कुत्रं कोपीवर. दिवसा ती मादी कुठे होती, तिने कुठून पाहिलं, कोणत्या बांधाने आली, हे सर्व त्या कुत्र्याला वाऱ्यावर कळत असणार. चार फडांचा नकाशा, एक रात्र, दोन बछडी आणि ‘आई सोडून गेली’ हा चुकीचा निष्कर्ष, इतकं पहिल्या पुस्तकाला भरपूर आहे. ते लिहिणाऱ्याने एक हंगाम प्रवरेच्या काठावर काढावा, ठसे वनरक्षकांकडून आणि मेंढपाळांकडून शिकून घ्यावेत, आणि खर्डा छापखान्यात जाण्याआधी कोपीवरच्या मुलांना वाचून दाखवावा. वास, वारा, ठसा यांत कुठे चूक राहिली असेल, तर ती मुलं तिथल्या तिथे सांगतील.